घडीची बहुउपयोगी शिडी: ४×३ घ्यावी की ४×४?

मोजपट्टी

घरासाठी घडीची अ‍ॅल्युमिनियम शिडी घ्यायची आहे. चार भाग आणि सहा बिजागऱ्या असलेली. सरळ केली की भिंतीला टेकवता येते, मध्ये मोडली की घोडा होतो आणि दोन्ही टोकं खाली वळवली की बुटकी परांची. जाहिरातीत "इतक्या प्रकारे वापरा" हे ठळक छापलेलं असतं, पण कोणत्या आकारात पाय किती उंचीवर असतील हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मापं देऊन विचारतो.

जागा दोन आहेत.

पुण्यातली सदनिका: फरशीपासून छत साडेनऊ फूट, म्हणजे २.९० मीटर. माळा सात फुटांवर. कामं पंखे, ट्यूब, पडद्याचे रॉड आणि माळ्यावरच्या सामानाची. झोपायची खोली दहा बाय दहा, पाच फुटी पलंग, आणि पंखा बरोबर पलंगावर.

कुडाळजवळचं कौलारू घर: पडवीची कड साडेसात फूट, मागे धुण्याच्या जागेवर सपाट स्लॅब. त्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. टाकी धुवायला त्यावर चढावं लागतं. स्लॅबला कठडा नाही.

चढणाऱ्याची उंची १६५ सेंमी, वजन ८२ किलो. दोन्ही ठिकाणी एकच शिडी चालेल का? ४×३ घ्यावी की ४×४?

सेक्शन६०६३

मापं दिलीत हे फार बरं केलंत. शिडीची लांबी बाजूला ठेवा आणि आधी पाय कुठे असणार हे काढा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

४×३ म्हणजे चार भाग आणि प्रत्येकात तीन दांडे. सरळ उघडली की साधारण ३.४ मीटर. घोडा केला की उंची १.६५ मीटरच्या आसपास आणि एका बाजूला सहा दांडे. ४×४ सरळ ४.५ मीटर, घोडा २.२ मीटर, एका बाजूला आठ दांडे. दोन दांड्यांमधलं अंतर जवळजवळ सगळ्यांचं २८ सेंमी असतं. कंपनीगणिक दोन-चार सेंमी इकडेतिकडे होतं, पण हिशेब तोच.

घोड्याच्या सर्वांत वरच्या दोन दांड्यांवर उभं राहायचं नाही. तिथे धरायला काही उरत नाही आणि शरीराचा भार शिडीच्या टोकाच्या वर जातो. म्हणजे ४×३ वर तुमचा शेवटचा दांडा चौथा. तो जमिनीपासून जेमतेम १ मीटरवर येतो. ४×४ वर सहावा, साधारण दीड मीटरवर.

१६५ सेंमीच्या माणसाचा हात डोक्यावर सहज २ मीटरपर्यंत पोचतो. १ मीटरवर उभं राहिलं तर हात ३ मीटरवर. पण "हात पोचणं" आणि "दोन्ही हातांनी काम करणं" यांत फरक आहे. स्क्रू पिळायचा, वायर कनेक्टरमध्ये घालायची, पंख्याचं वजन पेलायचं, ही कामं छाती ते कपाळ या पट्ट्यात असतील तरच तोल राहतो. फार तर डोक्याच्या वर एक वीत. १ मीटरवर उभं राहिल्यावर तुमचं डोकं २.६५ वर येतं. पंख्याचं जोडकाम छताखाली अर्ध्या फुटावर, म्हणजे २.७५ वर. बसतं. पुण्याच्या घराला ४×३ पुरते.

१० ते ११ फुटांची छतं असलेल्या जुन्या घरांत मात्र ४×३ घेतली की माणूस हमखास पाचव्या दांड्यावर चढतो. तिथे ४×४ घ्यावी आणि पाचव्यावरच थांबावं. तो सव्वा मीटरवर येतो.

फेज_न्यूट्रल

वर सांगितलेला हिशेब बरोबर. त्यात पसारा धरा. घोडा उघडल्यावर दोन बाजूंच्या पायांमध्ये ४×३ ला साधारण ९५ सेंमी जातात, ४×४ ला सव्वा मीटर. शिवाय तळाचा आडवा पाय, म्हणजे शिडीच्या टोकाला बसवलेली रुंद दांडी, शिडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतो, रुंदी पाऊण मीटरच्या पुढे जाते. पलंग, कपाट आणि टेबल असलेल्या खोलीत ४×४ चा घोडा बऱ्याचदा पूर्ण उघडतच नाही. मग लोक अर्धवट उघडून भिंतीला टेकवतात. बिजागरीचा खटका पडलेला नसतो आणि चढल्यावर ती मिटते किंवा सरकते.

दुसरं, ही शिडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. पायाखालचं रबर विजेपासून वाचवतं असं समजू नका. रबर घासलेलं असतं, ओलं असतं, आणि तुमचा हात भिंतीला किंवा स्लॅबच्या सळईला लागलेला असतो. पंखा-ट्यूबसाठी नुसतं बटण बंद करून चालत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, तेव्हा बटण बंद असतानाही वर फेज जिवंत असते. त्या भागाचा एमसीबी (विजेच्या बोर्डातला मुख्य बंद-चालू स्विच) पाडा, टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये तपासा, मग वर लावा.

कुडाळच्या घरासाठी हे जास्त महत्त्वाचं. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पडवीच्या कडेजवळूनच जाते. साडेचार मीटरची शिडी उभी करताना ती आधी डोक्यावर उभी होते, मग झुकते, आणि त्या क्षणी वरचं टोक कुठे जाईल यावर ताबा नसतो. शिडी कुठल्याही बाजूला पडली तरी तारेला लागणार नाही इतकं अंतर हवं. ते मिळत नसेल तर त्या बाजूला फायबरग्लासची शिडी वापरा किंवा पुरवठा बंद करून घ्या.

स्टुटगार्टकर

लेबलाबद्दल लिहितो, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच शिड्यांवरही "ईएन १३१" छापलेलं असतं. हे युरोपचं शिड्यांचं मानक. बिजागरीच्या शिड्यांसाठी त्याचा भाग ४ आहे, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या शिड्यांसाठी भाग ६. नुसतं "ईएन १३१" लिहिलं असेल तर कोणता भाग ते विचारा. २०१८ पासूनच्या बदलात दोन गोष्टी घरच्या ग्राहकाच्या कामाच्या आहेत. कमाल भार १५० किलो. आणि टेकवून वापरायची शिडी ३ मीटरपेक्षा लांब असेल तर तिचा तळ रुंद हवा. व्यवहारात याचा अर्थ तळाशी आडवा पाय.

अमेरिकी पद्धतीच्या शिड्यांवर वर्ग लिहिलेला असतो. टाइप ३ म्हणजे २०० पौंड (९१ किलो), टाइप २ म्हणजे २२५ (१०२ किलो), टाइप १ म्हणजे २५० (११३ किलो), १ए म्हणजे ३०० (१३६ किलो), १एए म्हणजे ३७५ (१७० किलो).

भार म्हणजे माणूस, अंगावरची हत्यारं आणि हातातलं सामान, सगळं मिळून. ८२ किलोचा माणूस माळ्यावरून १५ किलोची बॅग काढतो तेव्हा ९७ झाले. त्यात बॅग ओढताना बसणारा झटका. १०० किलोची शिडी तुमच्यासाठी नाही. १५० चीच घ्या.

भारतात शिड्यांच्या सुरक्षित वापराची संहिता आयएस ३६९६ च्या भाग २ मध्ये आहे.

पडवी

कोकणातल्या घराचं मी सांगतो.

आधी स्लॅबचं. स्लॅबवर उतरायचं असेल तर शिडीचं टोक स्लॅबच्या कडेच्या वर किमान १ मीटर जायला हवं, म्हणजे साधारण तीन दांडे. ते चढण्यासाठी नसतात, शिडीवरून स्लॅबवर पाऊल टाकताना आणि परत येताना धरण्यासाठी असतात. परत येताना तर जास्तच, कारण पाठमोरं होऊन पायाने दांडा शोधायचा असतो.

शिडी तिरकी लावली की उंची थोडी कमी होते. ३.४ मीटरची ४×३ भिंतीला ३.३ वर टेकते, त्यातून १ मीटर वजा केला की २.३ उरले. तुमचा स्लॅब ३.०५ वर आहे. म्हणजे ४×३ तिथे आखूडच. ४×४ टेकते ४.३५ वर, त्यातून १ गेला की ३.३५. बसते. जाहिरातीत "१५ फूट" वाचून लोक १४ फुटांच्या गच्चीसाठी ही शिडी घेतात ते याचमुळे फसतं. १५ फुटी शिडीने उतरता येतं ते ११ फुटांपर्यंतच्या जागी.

पाय किती लांब ठेवायचा? उंचीच्या एक चतुर्थांश. ४.३५ वर टेकली असेल तर भिंतीपासून साधारण १.१ मीटर. टेप नसेल तर पायाची बोटं शिडीच्या तळाला लावून ताठ उभे राहा आणि हात समोर सरळ धरा. तळवे दांड्यावर अलगद टेकले की कोन बरोबर. त्याहून उभी असेल तर चढणारा मागे कलंडतो, त्याहून पडती असेल तर तळ सरकतो.

आता कौलांचं. पडवीच्या कडेच्या कौलांवर शिडी टेकवू नका. पागोळीची कौलं फुटतात हे नुकसान थोडं. फुटलेल्या कौलासकट शिडीचं एक टोक खाली बसतं आणि ती फिरते. पन्हळीवरही नको. पत्र्याची असो वा पीव्हीसीची, पन्हळ पाण्याचं वजन पेलायला केलेली असते. शिडी टेकावी ती चिऱ्याच्या भिंतीवर किंवा खांबावर. मध्ये पन्हळ येत असेल तर या शिडीचा एक आकार खरंच कामाचा आहे. सर्वांत वरचा भाग भिंतीकडे वळवून खटका पाडायचा. शिडी भिंतीपासून लांब राहते आणि वळलेलं टोक भिंतीला टेकतं. मात्र तुमच्या शिडीच्या पुस्तिकेत तो आकार दाखवलेला असेल तरच.

उलट, शेवटचा भाग वाकवून आढ्यावर आकडा म्हणून अडकवायचा आणि कौलांवर शिडी आडवी टाकून शाकारणी करायची, हे करू नका. बिजागरी त्या दिशेच्या भारासाठी नाही. कौलांवर चालायचंच तर वाशांवर भार जाईल अशी फळी टाकून.

जमीन मऊ असेल तर दोन्ही पायांखाली मिळून एकच १८ मिमी जाडीची प्लायवूडची फळी टाका. दोन पायांखाली दोन वेगळे तुकडे टाकले तर एक तुकडा आधी खचतो. फळीच्या मागच्या कडेला एक पट्टी ठोका, म्हणजे पाय मागे सरकत नाहीत. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या अंगणात शिडी लावायची असेल तर आधी ती जागा ताठ ब्रशने घासून कोरडी करा. स्लॅबला कठडा नाही म्हणता, तर वरचं टोकही कशाला तरी बांधा. स्लॅबमध्ये एक लोखंडी कडी कायमची बसवून घेतलीत तर दरवेळची शोधाशोध वाचेल.

आजरा_घनसाळ

सगळे ४×३ आणि ४×४ यांतच बोलत आहेत. पुण्याच्या सदनिकेला ही शिडी हवीच का, असा माझा सवाल आहे.

घरातल्या शिडीचा नव्वद टक्के वापर माळा, पडदे आणि ट्यूब. त्यासाठी पाच पायऱ्यांची घरगुती शिडी, वर उभं राहायला फळी आणि गुडघ्यापर्यंत येणारा कठडा, ही जास्त सुरक्षित आहे. तिच्या पायरीवर अर्धं पाऊल तरी मावतं. बहुउपयोगी शिडीचा दांडा तीन सेंमीच्या आसपास असतो. रबरी चप्पल घालून पाच मिनिटं उभं राहिलं की तळव्याला कळ लागते, आणि कळ लागली की माणूस पाय बदलतो, तेव्हाच तोल जातो. घरगुती शिडी सात-आठ किलोची, एका हाताने उचलता येते. ४×३ अकरा ते तेरा किलो, ४×४ चौदा ते सोळा. साठीच्या बाईने ती माळ्याखाली आणायची, दोन्ही बाजूचे खटके सोडायचे, मग चढायचं, असं रोज होणार नाही. ती खुर्चीवर स्टूल ठेवेल. वापरायला सोपी नसलेली शिडी घरात असून नसल्यासारखी.

सेक्शन६०६३

आजरा_घनसाळ यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. पुण्यात पाच पायऱ्यांची आणि कुडाळला ४×४, अशी विभागणी मलाही पटते. पण पाच पायऱ्यांच्या शिडीची वरची फळी १.१ मीटरच्या आसपास आहे का ते मोजून घ्या. काही स्वस्त शिड्यांची पाच पायऱ्यांत ९५ सेंमीच होते. आणि पंखा पलंगावर असेल तर ती शिडी उभी कुठे करणार? मोजपट्टींनी तो मुद्दा लिहिला आहे, त्यावर कोणी बोललं नाही.

मोजपट्टी

तोच अडलेला मुद्दा आहे. पलंग जड आहे, स्टोरेजचा. सरकत नाही. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट मोकळे आहेत, डोक्याकडची बाजू भिंतीला. पलंगावर शिडी ठेवायची नाही हे माहीत आहे.

रंगकाम

दोन्ही बाजूंना अडीच फूट असतील तर परांचीचा आकार वापरा. घरात या शिडीचा सर्वांत मोलाचा उपयोग मला हाच वाटतो.

दोन्ही टोकाचे भाग पाय म्हणून खाली, मधले दोन सरळ आडवे. ४×३ मध्ये आडवा भाग साधारण १.७ मीटर लांब, जमिनीपासून ९५ सेंमीवर. पाय बाहेरच्या बाजूला थोडे तिरके असतात, त्यामुळे खाली मोकळी जागा आणखी वाढते. पाच फुटी पलंग १.५२ मीटरचा. परांची पलंगावरून आडवी बसते आणि पाय दोन्ही बाजूंच्या फरशीवर येतात. पाय तळाशी मिळून २.१ ते २.२ मीटर घेतात, तुमची खोली ३.०५ ची. जमतं. सहा फुटी पलंगाला ४×४ लागेल, तिचा आडवा भाग २.३ मीटर आणि उंची १.२. पलंगाची एक बाजू भिंतीला चिकटलेली असेल तर मात्र हा मार्ग बंद.

उघडायची पद्धत: शिडी उभी धरून उघडू नका. घडीसकट जमिनीवर आडवी ठेवा. आधी दोन्ही टोकांच्या बिजागऱ्या पायाच्या कोनात आणा, चारही खटके पडले का ते हाताने बघा. मग मधली जोडी सरळ करा. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून उलटी करून पायांवर उभी करा. बोटं कायम उभ्या नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला. दोन भागांच्या मध्ये बोट गेलं तर चिरडतं.

आडव्या दांड्यांवर उभं राहायचं नाही. सोबत दोन पत्र्याच्या प्लेट मिळतात, त्या बसवा. बऱ्याच शिड्यांबरोबर त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात, म्हणून किंमत बघताना "प्लेटसह" की "प्लेटविना" ते वाचा. त्याऐवजी बांधकामावरची फळी टाकतात, ती दांड्यांत अडकत नाही. टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक उचललं जातं.

परांचीवर सर्वांत जास्त ताण मधल्या बिजागऱ्यांवर येतो, कारण माणूस नेमका मध्ये उभा असतो. म्हणून एका वेळी एकच माणूस. चढायचं ते टोकाच्या भागाच्या दांड्यांवरून. ३५ सेंमी रुंदीवर कठडा नसताना मागे पाऊल जात नाही ना, हे लक्षात ठेवावं लागतं. रंग देताना माणूस काम कसं दिसतंय ते बघायला नकळत मागे सरकतो. पंख्याच्या कामात तो धोका कमी, पण पाती चेहऱ्याजवळ येतात. आधी पाती काढून खाली द्या, मग मोटर.

आणि एक. रंगारी लाकडी घोड्यावर वर बसूनच घोडा "चालवतात". बिजागरीच्या शिडीवर ते चालत नाही. प्रत्येक झटक्याला खटक्याची खिट्टी थोडी मागे येते आणि आडव्या पायाचे बोल्ट ढिले होतात. उतरा, उचला, मग चढा.

सेक्शन६०६३

घरी आल्यावर काय तपासायचं ते सांगतो. परत करायची मुदत संपण्याआधी करा.

वजन करा. ४×४ आहे म्हणून विकलेली शिडी १२ किलोच्या आत भरली तर नळीचा पत्रा पातळ आहे असं समजा.

बिजागरी आतून कशी असते ते कळलं की तपासणी सोपी होते. दोन गोल ताटल्या एकमेकींवर फिरतात, त्यांच्या कडेला खाचा असतात. स्प्रिंगच्या जोरावर एक खिट्टी खाचेत पडते, तोच "टक" आवाज. खटका दाबला की खिट्टी बाहेर येते आणि पुढच्या खाचेपर्यंत भाग फिरतो. मधल्या जोडीचे थांबे आणि टोकांच्या जोड्यांचे थांबे वेगळे असतात. घोडा मधल्या जोडीवर होतो, परांचीचे पाय टोकांच्या जोड्यांवर. म्हणून प्रत्येक जोडी तिच्या प्रत्येक थांब्यावर आणून बघा.

आवाजावर विसंबू नका. एकाच जोडीतली डावी खिट्टी पडते आणि उजवी खाचेच्या तोंडावर अडकून राहते, असं होतं. आवाज एकदा आलेला असतो, शिडी उभीही राहते, आणि वजन पडल्यावर पिळवटून एका बाजूने मोडते. या शिडीचा सर्वांत घातक दोष हाच. खटका पूर्ण मागे आला का ते दोन्ही बाजूंना डोळ्यांनी बघायचं, मग भाग हाताने उलट दिशेला ओढून बघायचा. काही शिड्यांत लाल-हिरवी खूण असते. ती असलेली मिळाली तर तीच घ्या.

सरळ करून सपाट फरशीवर ठेवा आणि एका टोकाकडून उभ्या नळीच्या रेषेत बघा. नागमोड दिसली तर बिजागऱ्यांचे रिव्हेट नीट बसलेले नाहीत. घोडा करून चारही पाय फरशीला लागतात का बघा. खालच्या दांड्यावर उभं राहून हलका पीळ द्या. थोडी लवचीकता असणारच, पण "कट कट" आवाज येत असेल तर दांडे नळीत घट्ट दाबलेले नाहीत. प्रत्येक दांडा हाताने फिरवून बघा, फिरता कामा नये.

मोजपट्टी

उत्तम. अजून एक. कुडाळच्या घरात आत माळ्यावर जायला लाकडी जिना आहे. जिन्यावर उभं राहून वरच्या भिंतीला चुना लावायचा असेल तर ४×४ कामी येईल?

रंगकाम

नाही. जिन्यावर एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या, म्हणजे दोन बाजूंची लांबी वेगवेगळी हवी. चार भागांच्या शिडीचे भाग सारखे असतात. त्यासाठी दुसऱ्या जातीची शिडी लागते. मध्ये एकच बिजागरीची जोडी आणि दोन्ही बाजूंना आत-बाहेर सरकणारे भाग, खिट्टीने दांड्यागणिक लांबी ठरते. ती जड आणि महाग, पण जिन्याला तीच. विटा रचून आखूड पाय उचलणं हा पर्याय नाही. वर्षातून एकदा चुना द्यायचा असेल तर रंगाऱ्याकडची परांची भाड्याने आणा.

चुन्याचं निघालं म्हणून. चुना आणि ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं. शिंतोडे उडाले तर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा. वाळले की पृष्ठभागावर पांढरे चट्टे पडतात, आणि बिजागरीत गेले तर खिट्टी खाचेत पूर्ण बसत नाही.

पडवी

समुद्राजवळच्या घरांत नळ्यांना फारसं काही होत नाही, बिजागरीतली स्प्रिंग आणि खिट्टी पोलादाची असते ती गंजते. पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून, खिट्टीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. ग्रीस नको, त्यात माती धरते आणि खिट्टी अडते. उरलेलं तेल लगेच पुसा, दांड्याला लागलेलं तर नक्कीच. बाहेर उन्हात ठेवलेल्या शिडीच्या पायांचं रबर कडक होऊन तडकतं. नख रुतलं नाही की बदला. पायाला घातलेलं गोणपाट गुळगुळीत फरशीवर उलट घसरतं, रबर स्वच्छ आणि कोरडं असेल तर त्याची गरज नसते.

फेज_न्यूट्रल

चढण्याबद्दल थोडक्यात. तोंड शिडीकडे, दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम शिडीवर. हत्यारं पट्ट्यात किंवा दोरीने वर ओढून. बेंबी दोन उभ्या नळ्यांच्या आत राहायला हवी. ती बाहेर जाते आहे असं वाटलं तर खाली उतरून शिडी सरकवा. घोड्यावरून आडवं ड्रिल मारताना जोर समोर लागतो, म्हणून दांडे भिंतीला समांतर राहतील असा घोडा लावा. आडवा लावला तर ड्रिलच्या धक्क्याने तो कलतो.

मोजपट्टी

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: कुडाळला ४×४, १५० किलोची. पुण्याला पाच पायऱ्यांची कठड्याची शिडी, वरची फळी १.१ मीटर बघून. पलंगावरच्या पंख्यासाठी ४×३ आणि प्लेट, पण ती वेगळी विकत न घेता सोसायटीत चार घरांनी मिळून एक घेण्याचं बोलणं चालू आहे.

एक शंका उरली. ४×४ चा आडवा पाय खोक्यात सुटा येतो असं दिसतंय. तो कायम लावून ठेवायचा की वापरताना?

सेक्शन६०६३

कायम लावून. सुटा ठेवला की तो माळ्यावर जातो आणि शिडी बिनपायाची वापरली जाते. सोबत बोल्ट आणि लॉकनट येतात. त्या नटात आत नायलॉनची कडी असते, ती एकदाच नीट धरते, त्यामुळे वारंवार काढ-घाल करू नका. पाना लावून घट्ट करा, पण नळी दबेल इतकं पिळू नका. आडवा पाय टोकाच्या भागाला लागतो, म्हणजे टेकवून वापरताना ते टोक खालीच यायला हवं. नळीवरचा बाण बघून घ्या. काही शिड्यांना दोन्ही टोकांना पाय असतात, तेव्हा घोडा आणि परांचीतही चारही कोपरे रुंद मिळतात. ४×४ घेताना तशीच बघा.

ठेवायची जागा आधी मोजा. घडी केलेली ४×४ सव्वा मीटर उंच आणि २७-२८ सेंमी जाड, वर आडव्या पायाची रुंदी. दाराआड बसत नाही. भिंतीत दोन मजबूत ब्रॅकेट मारून वरच्या दांड्यावर टांगली तर जमिनीची ओल लागत नाही. ब्रॅकेट चिऱ्याच्या भिंतीत मारणार असाल तर चिरा भुसभुशीत आहे का बघा, नाहीतर खुंटी सैल होते. अशा वेळी लांब फ्रेम फास्टनर वापरा किंवा लाकडी खांबावर स्क्रू मारा.